एकशे ब्याण्णव

ताळगावचं पठार, रात्री साडेअकरा.
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.
"बाय, दार ओड," इनास म्हणतो,
"कॉरिडॉरचो उजवाड भितर येता."

हिरवा लेझर. काचपट्टीवर काजळाएवढा डाग,
डागात मोजता न येणाऱ्या कार्बनच्या नळ्या.
बहुतेक प्रकाश गेला तसाच परततो,
कुणाला न भेटल्यासारखा.
कोटीतला एखादा कण मात्र
थोडी ऊर्जा तिथेच ठेवून
किंचित तांबूस होऊन येतो.
त्याच्यावर आमचं पोट.

एकशे ब्याण्णववर शिखर उगवलं.
नळी छाती फुगवते, सोडते.
श्वास जितका घाईचा, तितकी ती अरुंद.
भागाकार: एक पूर्णांक तीन नॅनोमीटर, जेमतेम.
पुढे तेराशे पन्नासपाशी बारीक उंचवटा,
भिंतीचा कुठेतरी टाका निसटलाय.

सकाळी बाबांना बांबोळीला नेलं होतं.
बावीस वर्षं पाळीच्या खाणीवर डंपर.
डॉक्टरांनी पाठीवर बोटं आपटून ऐकलं,
मग नळीत फुंकायला लावलं.
आकडा बाबांना नाही सांगितला,
मला सांगितला.

"तांबडो लावन पळय," इनास जांभई देतो.
लावला.
एकशे ब्याण्णव गेलं,
आणि दोनशे अठराला कुणीतरी बोलायला लागलं
जे हिरव्यात तासभर गप्प होतं.
होतंच ते. त्याच डागात.

मी बाबांना आजवर एकाच रंगात विचारत आले,
दुखतंय का?
उद्या विचारीन,
डंपरला तुम्ही काय नाव ठेवलं होतं.