तीस अँपिअर

टेबलावर साउथ डकोटा पसरलाय.
एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर सासऱ्यांचं कोपर.
ट्रेसाला पोहायचा तलाव हवा,
डेनला वायफाय, म्हणजे त्याला यायचंच नाहीये.
वेंडेलला आरपार जागा हवी,
इकडून गाडी घाला, तिकडून काढा.
रिव्हर्स जमत नाही असं तो म्हणत नाही;
गेल्या वर्षीच्या कॉटनवूडच्या खोडाला
आमचा पांढरा रंग अजून असेल.

मी फोन लावते.
नदीकाठी जागा आहे, वीज नाही.
पुढचा. वीज आहे, पण रात्री दहाला जनरेटर बंद.
पुढचा.
नाकातली नळी सारखी करत सासरे म्हणतात,
"मला राहू दे घरी. मांजराला कोण बघणार?"
मांजर जाऊन दोन वर्षं झाली.
वेंडेल मिठाची बरणी उगाच सरळ करतो.

सातव्या फोनवर एक बाई, मागे कुत्रं भुंकतंय.
वीज? तीस अँपिअर, रात्रभर.
जमीन? गोटी ठेवा, जागची हलायची नाही.
तलाव नाही. मालगाडी जाते, पहाटे तीनला.
आणि झाडं?
"आहेत," ती म्हणते. मग जरा थांबून,
"यंदाच लावलीत. गुडघ्याएवढी."

"तीनची म्हणजे धान्याची," सासरे म्हणतात,
आणि सकाळपासून पहिल्यांदा नकाशावर वाकतात,
नखाने ती बारीक काळी रेघ
पार कडेपर्यंत नेतात.
"मी जागाच असतो तेव्हा."

तीन रात्री, मी बाईला सांगते,
आणि कार्डाचा नंबर वाचायला घेते.
ट्रेसा दार आपटून जाते.