कच्चा लिंबू

घणसोली, माथाड्यांच्या चाळींमागे,
दोन टेम्पोंच्या मधल्या जागेत
मी विटेच्या तुकड्यानं रेघ मारते.
"ही कुणाची रेघ?"
"सगळ्यांची. म्हणून कुणी पुसायची नाही."

आधी चकायचं. हात पालथे, हात उताणे,
जो एकटा वेगळा, तो सुटला.
ओवेसचा हात हवेतच थांबतो,
बाकीचे बघून मग पालथा पडतो.
मी पाहिलं. मी पाहिलं, हे त्यानंही पाहिलं.
पुन्हा चकलो.

राज्य यशराजवर.
"माझं राज्य!" छाती काढून उभा.
मग सगळे पांगले, आणि तो
मधोमध, एकटाच.
राज्य म्हणजे हे, हे मी सांगितलं नव्हतं.
सांगायचं असतं का?

तन्मयी आउट. ऐकत नाही.
"मला नाही लागला हात, फ्रॉकला लागला."
फ्रॉक कुणाचा गं?
रडते, टेम्पोच्या फळीवर जाऊन बसते,
आणि दोन मिनिटांत तिथूनच ओरडते,
"यश, डावीकडून! अरे, डावीकडून!"

हिमानीचा विहू साडेतीन वर्षांचा,
त्याला कितीदा धरला तरी तो आउट नाही.
तीन दिवस मजेत पळाला.
आज माझी ओढणी ओढून विचारतो,
"ताई, मी कधी पिकणार?"

यशराजनं ऐकलं वाटतं.
ओवेसला सोडून वळला, धावत आला,
विहूच्या पाठीवर हात ठेवला,
हळू, पण खराखुरा.
"आउट."

पोरगं इतकं हसलं, इतकं हसलं,
की आता रेघेबाहेर जायचं असतं
हे दोनदा सांगावं लागलं.