चेंबर नंबर तीन

सावद्यात आवाज न करता आवाज करायची
एकच जागा होती :
नथ्थूशेठ वारक्यांचं केळी पिकवायचं चेंबर नंबर तीन.
भिंतीत चार बोटं फोम, दाराला रबराची पट्टी,
बाहेर पंचेचाळीस, आत सोळा.
म्हणून बँडचं नाव सोळा अंश.
लोकांना वाटतं त्यात काही अर्थ आहे.

सरावाचं वेळापत्रक केळी ठरवायची.
माल भरला, गॅस सोडला, की चार दिवस कुलूप.
पिवळा माल दिल्लीच्या गाडीत चढला
की शेठचा मिसकॉल.
मग मी भुसावळहून, शेडची ड्यूटी संपवून,
सादिक पिंजारी वरातीतला लाल कोट काढता काढता,
प्रबोध तायडे शिकवणीची पोरं लवकर सोडून,
हर्षाली फिरके घरी काहीच न सांगता.
रिकाम्या कॅरेटवर बसून
स्वेटर घालून वाजवायचो, भर एप्रिलात.

कॉम्प्रेसर बंद करता येत नसे,
शेजारी दोन नंबरात माल.
तो हूं करत राहायचा एकाच सुरात,
पांढरी पाचच्या जरासा वर,
कुठल्याच पट्टीत न बसणारा.
शेवटी आम्हीच तारा पिळून त्याच्यापर्यंत नेल्या,
माझी जाड तार सगळ्यात आधी.

नऊ गाणी झाली तशी.
दुसऱ्यात कडकन् मोडतं ते वाद्य नाही,
हर्षालीच्या आत्याची बिबडी आहे.
पुण्याचा मिक्सिंगवाला म्हणाला,
मागची घरघर काढतो, एका क्लिकचं काम.
प्रबोध म्हणाला, मग गाणीपण काढ.
अल्बमचं नाव कच्चा माल.
टी-शर्टवर जळगावच्या छापखान्याने एक च खाल्ला.
साठ नग. तसेच विकणार आहोत.

अल्बम आला त्या संध्याकाळी
शेठना ऐकवला, वजनकाट्याशेजारी, त्यांच्याच खुर्चीत.
डोळे मिटून ऐकत होते.
चौथ्या गाण्यात, हर्षाली एकटी गाते तिथे,
माझ्या घशात अजून काहीतरी होतं तिथे,
त्यांनी हात वर केला.
आम्हाला वाटलं, दाद.
“थांब रे भो. मांगे घे जरा.”
पुन्हा ऐकलं. मान हलवली.
“बेरिंग गेलं त्याचं. मले वाटतच होतं.”

दुसऱ्या दिवशी फैजपूरचा मेकॅनिक आला.
आता कॉम्प्रेसर वेगळंच गातो,
गुळगुळीत, दवाखान्यासारखं.
जुना सूर अल्बमात राहिला
आणि आमच्या खुंट्यांत.

काल शेवटचा सराव.
कोणाशी जुळवायचं यावर अर्धा तास भांडलो.
सादिक म्हणाला, आजा कापूस पिंजायचा,
तात तुटली की नवी बांधायचा,
गादी काय बदलत नव्हती.
प्रबोध म्हणाला, तू झोपला होतास का त्या गादीवर?
ते तिथेच राहिलं.
ट्यूनर मात्र कोणी बॅगेतून काढला नाही.

आज निघतोय.
फैजपूर, चोपडा, शिरपूर, धुळे,
मग नाशिक, मग पुणे.
दौरा नऊ दिवसांचा, माझी रजा सात.
उरलेल्या दोन दिवसांना कुठला आजार, ते ठरायचंय.

छोट्या हत्तीत ड्रम चढले, दोऱ्या आवळल्या,
तेव्हा शेठ आले, हातात एक फणी, गर्द हिरवी.
“फैजपूरले अशीच राहीन.
धुळ्याले हात लावू नका, दम धरा.
नाशिकले पिवळी.
पुण्यात ठिपके येतीन, तवा खाजा.”
आणि वळले. निंभोऱ्याची ट्रॅक्टर उभी होती,
तीन नंबरचं दार उघडायचं होतं.

मी मागे, अँपवर, फणी मांडीवर.
केबिनमधून सिकंदर तडवी ओरडतो,
“गाडीत काही बिघडलं का? हूं हूं कोन करतंय?”
पुढे हर्षाली ओठ मिटून बसलेली.
सादिक माझ्याकडे बघतो.
कोणीच काही सांगत नाही.
तो पहिला गिअर टाकतो.