ओविदिओचं वाक्य

पहिल्या दिवशी, तळ्याकाठच्या उघड्या माळावर,
पाठीवर तेवीस किलो – पीठ, गॅस, लसणीच्या जुड्या –
ओविदिओ बार्रीया मागे वळून म्हणाला,
"पोरी, माझ्या भावाचा –"
आणि पुढचं वाऱ्यानं नेलं.

मी "काय?" म्हटलं. तेही नेलं.

मी नवखी. पुएर्तो नातालेसच्या पाववाल्याची मुलगी,
हमालीचा पहिलाच मोसम, बूट मामेभावाचे,
पुढे कागद कोंबून मापाचे केलेले.
वारा मला ठाऊक होता तो
गल्लीत दारं आपटणारा, चादरी पळवणारा,
शेजाऱ्यासारखा.
इथला ओळख देत नाही.
तळ्याचं पाणी उचलून उभं करतो,
धरतो घटकाभर, मग तोंडावर मारतो.
ओविदिओनं हात वर केला की खाली बसायचं,
झुडपाचं बूड धरून.
हात खाली आला की उठायचं,
गुडघेही न झटकता.

दुसऱ्या दिवशी, झुलत्या पुलावर:
"– वर, खिंडीत –"
तिसऱ्या दिवशी, दगडांच्या उतारावर:
"– एकोणीस वर्षं झाली."

रात्री तंबूच्या खुंट्या करकरत राहिल्या
आणि मी जोडत राहिले.
भावाचा. खिंडीत. एकोणीस वर्षं.
एवढ्यावर माणूस मारायला कितीसा वेळ लागतो!
कधी बर्फात पुरला, कधी भेगेत ढकलला,
त्याला मिशा दिल्या, लाल टोपी दिली,
त्यांच्या आईला रडवलं.
सकाळी ओविदिओ येर्बाचा कडू चहा पुढे करायचा
तो मी दोन्ही हातांनी घ्यायचे,
जरा जास्तच हळू.

चौथा दिवस. खिंड.
मागे ढकललं न जाणं, हेच तिथलं चालणं.
एका जर्मन बाईच्या रकसॅकचं पिवळं कव्हर सुटलं,
कानात वारं शिरलेल्या वासरासारखं हुंदडलं,
मग घारीएवढं, मग काहीच नाही.
ओविदिओ थांबला. दगडांच्या राशीमागे ओणवा झाला,
सांदीत खांद्यापर्यंत हात घालून चाचपलं.
मी टोपी काढून उभी राहिले.
तीही जवळजवळ गेलीच.

संध्याकाळी खाली झाडीत उतरलो.
तिथे वारा वरच्या वर जातो,
शेंडे भांडतात, बुंध्यांना पत्ता नसतो.
चार दिवसांत पहिल्यांदा मला माझा श्वास ऐकू आला.
आणि सार्डिनचा डबा उघडता उघडता
ओविदिओनं वाक्य पुरं केलं:

"माझ्या भावाचा तवा गं.
वर, खिंडीत, पाठीवरून सुटून उडाला.
एकोणीस वर्षं झाली.
हलका, ॲल्युमिनियमचा, दांडा जळका.
दिसला तर सांग."

मी हसले नाही. हसू येत होतं,
आणि एक मेलेला माणूस कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

भाऊ पलीकडे, रिओ गायेगोसला,
ट्रकच्या गॅरेजात. मेंढ्यांच्या वाटणीवरून वाजलं,
तेव्हापासून बोलणं बंद.
फक्त नाताळला फोन.
तो विचारतो, "तवा सापडला?"
हा म्हणतो, "अजून नाही."
मग दोघं जरा वेळ फोन तसेच धरून बसतात,
तिकडचा वारा इकडे ऐकू येतो.

"आणि सापडला तर?"

ओविदिओनं स्टोव्हची ज्योत बारीक केली.
काही म्हणाला असेल.
वर शेंडे एकदम वाकले.
दुसऱ्यांदा मी विचारलं नाही.

परवा, सातव्या फेरीत, एकटीच होते.
खिंडीच्या पलीकडे बर्फ वितळून ओसरला होता
तिथे काहीतरी चमकलं.
दांडा जळका होता की नुसता मळका,
वाकून पाहिलं नाही.
त्यावर एक दगड ठेवला.
मग जरा मोठा, अजून एक.