थंड

मडगावच्या सत्र न्यायालयात
मी एकवीस वर्षं दुभाषी आहे.
कोकणी घेते, इंग्रजी देते.
मधलं काही ठेवून घ्यायचं नाही, अशी शपथ आहे.

तिचं नाव इथंही लिहिणार नाही.
कागदात ती अभियोक्त्री.
जोडाक्षरांचा केवढा थोरला शब्द,
आणि पिंजऱ्यात उभी
काजू सोलून बोटं काळी पडलेली पोर.

वकील कुंकळ्येकरांनी विचारलं, बोब मारली?
ना.
चावलीस? बोचकारलंस?
ना.
मग केलंस तरी काय?
ती खूप वेळ रेलिंगकडे बघत राहिली.
म्हणाली, "हांव थंड पडलें."

पडलें. पडली नव्हे.
आमच्याकडे लग्नाआधीची पोर
स्वतःबद्दल असंच बोलते,
भांडं पडतं तसं.
इंग्रजीत हे न्यायला जागाच नाही.
ते मी दारातच सोडलं, रोज सोडते.

मी म्हटलं, कोल्ड.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
कोल्ड म्हणजे? ताप होता?
नाही, साहेब.
मग शांत?

एक वाजायला सात मिनिटं होती.
रुझार शिपाई दाराशी येऊन उभा होता,
व्हरांड्यात कुणाच्या तरी डब्यातल्या
सुक्या बांगड्याचा वास सुटला होता.
माझी मान हलली.
कुठल्या बाजूला हलली,
ते उलटतपासणीत विचारलंत तर
मला सांगता येणार नाही.
साहेबांनी सांगितलं, फ्लाव्हियाने टाइप केलं.
मी विरोध केला नाही.
जेवायला गेले.

जो शब्द कागदावर गेला
तो आपल्या तोंडी 'काम' होतो.
आपल्या भाषेत काम म्हणजे काय काय,
ते सांगायला दुभाषी लागत नाही.

निकाल सहासष्ट पानांचा.
परिच्छेद एकेचाळीस:
साक्षीदार स्वतःच म्हणते की त्या वेळी ती शांत होती.
त्या एका खुंटीला
पुढचे नऊ परिच्छेद टांगलेले.
मुकादम सुटला.
संध्याकाळी कुडचड्यात फटाके वाजले म्हणे.

सरकार अपिलात गेलं.
पर्वरीच्या पठारावर, चार वर्षांनी,
दोन न्यायमूर्तींनी कायद्याखालचं स्पष्टीकरण वाचलं:
अंगानं विरोध केला नाही
एवढ्यावरून संमती धरू नये.
त्यांनी लिहिलं,
शांत राहणं म्हणजे होकार नव्हे.
निकाल फिरवला. दहा वर्षं.
पेपरात चौकटीत आलं.
बार रूममध्ये सगळे म्हणाले, कायदा नीट वाचला.

वाचलाच.
पण ती शांत नव्हती हो.

आता दुसऱ्या खटल्यांत, दुसऱ्या पोरींसाठी,
वकील तोच परिच्छेद दाखला म्हणून वाचतात
आणि मी दोन हातांवर उभी असते.
शांत, शांत, प्रत्येक वेळी शांत.
चांगल्या कामाला लागलेला
माझा खोटा शब्द.

थंड मी घरी नेला.
पेटीत बर्फाखाली उघड्या डोळ्यांची मासळी, थंड.
पायावरून साप जाताना
तो जाईपर्यंत पाय आपला नसतो, ते थंड.
आई गेली तेव्हा तळवे चोळत होते मी,
ते नव्हे, ते वेगळं,
तिथे आत कुणी उरलं नव्हतं.
हिच्यात होतं. आत होती ती. ऐकत होती.
एवढं वाक्य
एक वाजायला सात मिनिटं असताना
कसं सांगायचं होतं?

गेल्या सोमवारी अर्ज लिहिला.
नोंदीत दुरुस्ती व्हावी,
'शांत' खोडून
तिथे तिचं बोलणं तिच्याच भाषेत ठेवावं,
भाषांतर न करता.
नाझर शिरगुरकरांनी दोनदा वाचला.
चांगला माणूस, माझ्यासाठी खुर्ची ओढली.
म्हणाले, बाई, खटला संपला. ती जिंकली.
आता हे कुठल्या कलमाखाली घालू?

ती ओळ
अर्जात अजून रिकामी आहे.