प्रथमपुरुषी अनेकवचन

आवेइरोच्या दक्षिणेला, मिठागरं संपतात तिथं,
टाइलचा एक जुना कारखाना आहे.
कुठल्याशा इस्पितळाच्या जिन्यावरच्या
चौदाशे निळ्या टाइल्स निखळल्या होत्या
आणि तो निळा आता कुणालाच साधत नव्हता.
भट्टीतून निघाला की कडेनं पाझरायचा,
संताच्या दाढीतून त्याच्या गालावर,
शिडातून आभाळात.

योलांदानं एकसष्ट तुकडे भाजले.
नोव्हेंबर ते मार्च.
प्रत्येकाच्या पाठीवर आकडा, बारीक, डावखुरा,
सातच्या पोटातून आडवी रेघ.
सत्तेचाळिसावा तुकडा तिनं खिडकीत धरला
आणि कुणाला हाक न मारता
डब्यातलं गार सूप उभ्यानंच संपवलं.
उरलेले चौदा नुसते खात्रीसाठी.

मग नगरपालिकेची माणसं आली.
विभागप्रमुख बेल्मिरो क्वारेज्मा
सत्तेचाळिसावा तुकडा तळहातावर घेऊन
खोलीभर नजर फिरवून म्हणाला,
आणि इथं मी अडतो.

त्याच्या भाषेत आपण आणि आम्ही
दोघांना मिळून एकच शब्द आहे.
एकाक्षरी. लिहायला सोपा.
त्याच्या आत कोण, उंबऱ्याबाहेर कोण,
ज्यानं त्यानं समजून घ्यायचं.
मराठीत अशी सोय नाही.
'आपण शोधला हा निळा' लिहावं
तर उपमहापौरही नोव्हेंबरात भट्टीपाशी होते असं होतं.
'आम्ही' लिहावं,
तर कुठलं आम्ही?
सगळ्या कारखान्याचं,
की पूर्वी सरदार लोक एकट्यापुरतं वापरायचे, ते?
मी म्हणाला असता तर खोटा पडला असता.
तो कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

(इस्त्रीच्या बाहीखाली त्याच्याही मनगटावर
भाजल्याचा जुना डाग आहे.
ते काम तेव्हा कुणाच्या नावावर जमा झालं
ते तो सांगत नाही. कुणी विचारतही नाही.)

पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी
चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
पण कड फुटत कशी नाही?
क्वारेज्मानं दाराकडे पाहिलं.
दारात योलांदा, हातात कपांचा ट्रे.
ती म्हणाली, साहेब सांगतील ना.

शांतता. एक कप बशीत हलला.

"अनुभव," तो म्हणाला.
सगळे हसले. एकानं तर ते वहीत टिपून घेतलं.

ऑक्टोबरात आणखी तीनशे टाइल्सची मागणी आली.
कृती एव्हाना छापून, चौकटीत, भिंतीवर होती:
कोबाल्ट किती, कथील किती,
ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत चोख,
खाली सही, लफ्फेदार.
तिनं एक अक्षर लपवलेलं नाही.
विचारलं तेवढं सगळं लिहून दिलं होतं.

रात्री साडेनऊला भट्टी उतरणीला लागली.
भोकातून दिसणारा रंग
पिकल्या जर्दाळूवरून विटेकडे निघाला
तसा आदेरितोनं, एकोणतीस वर्षांच्या भट्टीवाल्यानं,
झडपेच्या दांड्यावर हात ठेवला
आणि तिच्याकडे वळून विचारलं,
उघडायची का आपण?

इथं मला अडावं लागलं नाही.

तिनं अंगठा आणि तर्जनी वर धरली,
मध्ये एवढीशी फट.
एवढीच.
दांडा सरकला. हवेचा एक बारीक सुस्कारा.

"सेंटिमीटर किती?" मागून क्वारेज्मा.
हातात पॅड, पेनाचं टोपण दातात.

ती बोटं तोवर
एप्रनच्या खिशात गेली होती.