एक चादर, चार बोटं

रेषा कुठं मारायची हे पहिल्या वर्षी कुणालाच ठाऊक नव्हतं.
गार्ड पिंटो म्हणाला, सात फूट सव्वानऊ इंच.
टेप नव्हता.
इराबत्तीनं खांद्यावरची चादर काढली,
बोर्डाच्या तोंडाखालून ओळंबा सोडून फरशीवर अंथरली.
नव्वद इंच. मिलचं माप, त्यात चूक नसते.
पुढं चार बोटं आडवी ठेवली
आणि खडू ओढला.

मधला लाल डोळा पिंटोच्या भुवईला टेकेल एवढ्या उंचीवर.
शहात्तरला तो बदलीवर गेला, दौंडच्या पलीकडं कुठंतरी.
पत्र एकच आलं, त्यात पाण्याबद्दल तक्रार होती.
पण दर जानेवारीत, गड्ड्यातले पाळणे उतरले की,
आम्ही इन्स्टिट्यूटच्या भिंतीवर
त्याची उंची खिळ्यानं ठोकतो.

मी फळ्यावर. बेचाळीस वर्षं.
माझं काम वजाबाकी.
या खेळात पाचशे एक आधीच हातात देतात,
ज्याचे आधी संपतील तो जिंकला.
तिसऱ्या पाळीतून सुटून आलेल्यांना
हे समजावून सांगावं लागलं नाही.
शून्याला आमच्यात नावं तीन:
इराबत्ती सुन्ना म्हणायचा, हत्तुरे सोन्ने,
मी शून्य काढायचो, आणि दोघं एकदमच
चहा सांगायचे.

सत्त्याऐंशीला पिंटोचा बोर्ड वाळवीनं खाल्ला.
दिलावर नदाफ, पिढीजात पिंजारी,
रुळाकडेचा घायपात तोडून आणला त्यानं,
कुजवला, झोडला, पिंजला, वळकट्या करून ठासला.
महिनाभर त्याच्या गल्लीत कुणी जात नव्हतं वासानं.
बाण आमचेच होते,
मोडक्या धोट्याची टोकं, मागं कोंबड्याचं पीस.

फलकावर लिहिलेलं: खुली स्पर्धा.
एक्क्याण्णवला नरसव्वा बिटला आली,
विड्यांचं सूप दाराशी ठेवून, नाव लिवा म्हणाली.
समिती बसली. खुली म्हणजे किती खुली?
अडीच तास. भजी संपली.
शेवटी हत्तुरे उठला,
‘लिव की बे तिचं नाव, मला घरी जायचंय.’

रात्री साडेअकराला त्याच हत्तुरेसमोर
तिला हवे होते बत्तीस.
रोज हजार विड्यांची तोंडं दुमडणारी बोटं.
पहिला बाण तारेच्या आत पडला, सोळा गेले, सोळा उरले.
दुसरा पुन्हा आत. आठ उरले.
हत्तुरे पाणी प्यायला गेला.
तिसरा चाराच्या दुहेरी पट्टीत.
परत आला तेव्हा फळ्यावर त्याचंच नाव
मी पुसत होतो.
बक्षीस चादर. तिनं तिथंच उलगडून
काठ तपासला, मग घेतली.

नंतरची पानं पातळ आहेत.
मिलचा भोंगा बंद झाला त्या साली तीनच नावं,
त्यातले दोघं इराबत्तीचे भाऊ.
एका साली नुसती तारीख, आणि ‘संचारबंदी’.
एका साली काहीच नाही, का ते आठवत नाही.

गेल्या वर्षी पुण्याहून एक पोरगा आला,
मोबाईल स्वतःच वजाबाकी करतो म्हणाला.
बरं, म्हणालो, मी खडू धरून उभा राहिलो.
मग त्यानं खिशातून लाल किरणाचं यंत्र काढलं,
रेषेवर ठेवलं, भुवया चढवल्या.
‘काका, साडेतीन इंच कमी भरतंय.’

मला माहीत होतं.
चादर तीच आहे, इराबत्तीची,
पन्नास उन्हाळ्यांत धुऊन धुऊन आटलेली.
बोटं आता त्याच्या नातीची, बारीक.
दरवर्षी रेषा केसभर बोर्डाकडं सरकत गेली
आणि मी कुणाला बोललो नाही,
कारण म्हाताऱ्यांचे बाण अजून पोचत होते.

‘इथं हेच माप,’ म्हणालो.
तो रेषेवर उभा राहिला, पाय मागंपुढं केले,
पहिला बाण बोर्डाच्या वर, भिंतीत.
पिंटोच्या केसांत गेला असता.
मी फळ्यावर लिहिलं: पाचशे एक.